“नांदायला जाणार नाही” : रखमाबाईंच्या खटल्यातून गंगाखेडच्या कार्यकर्त्यांनी काय घ्यावे

४ मार्च १८८७ रोजी मुंबई हायकोर्टाने एका बावीस वर्षांच्या मुलीला हुकूम दिला : महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. मुलीने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तिचे नाव रखमाबाई. पुढे ती डॉक्टर झाली आणि जवळपास पस्तीस वर्षे बायाबापड्यांवर उपचार करत राहिली.

शाळेच्या पुस्तकात सावित्रीमाई येतात, आनंदीबाई जोशी येतात. रखमाबाई फार तर एका ओळीत येतात. २०१६ साली त्यांच्यावर मराठी सिनेमा निघाला तेव्हा थोडी चर्चा झाली आणि थांबली. आम्ही आज त्यांच्याविषयी लिहितो आहोत ते जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४८ टक्के बायांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपला जिल्हा राज्याच्या दुपटीने पुढे आहे. रखमाबाईंनी १८८४ साली कोर्टात जो प्रश्न उभा केला, तो आपल्या गल्लीत आजही उभा आहे : ज्या लग्नाला माझी संमती कधी विचारलीच नाही, ते लग्न माझ्यावर बंधनकारक कसे?

रखमाबाई कोण होत्या

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जात सुतार. आई स्वतःच बालवधू होती. कोवळ्या वयात ती आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. रखमाबाई तेव्हा अडीच वर्षांच्या होत्या.

इथे जातीचा मुद्दा लक्षात घ्यायला हवा. ब्राह्मण घरातल्या विधवेच्या वाट्याला त्या काळी केशवपन आणि अंधारी खोली येत असे. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. लग्नाआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. हे सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार होते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे.

इतक्या शिकलेल्या घरातही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले. मुलगा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, वय एकोणीस-वीस, परिस्थिती गरिबीची. ठरले असे होते की दादाजी घरजावई म्हणून राहील, शिकेल आणि मार्गाला लागेल. तसे घडले नाही. दादाजीचे शिक्षणात मन रमले नाही आणि तो मामाकडे राहायला गेला. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या. त्या नवऱ्याच्या घरी एक दिवसही नांदल्या नाहीत. लग्नानंतर शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरी वाचत. वडिलांकडे डॉक्टर, समाजसुधारक, संपादक यांची ये-जा असे, त्यांचे बोलणे कानावर पडे. अकराव्या वर्षी ज्या मुलीला काही कळत नव्हते, तिला विसाव्या वर्षी पुष्कळ कळू लागले होते.

नांदायला येण्याचा दावा

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठवली : माझ्या बायकोला माझ्याकडे येण्यापासून अडवू नका. त्यानंतर त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. कायद्याच्या भाषेत याला वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणतात. आपल्याकडे साध्या भाषेत नांदायला येण्याचा दावा म्हणतात.

रखमाबाईंची बाजू दोन पायांवर उभी होती. एक, दादाजी तिला पोसू शकत नाही आणि त्याची प्रकृती चांगली नाही. दोन, लग्न झाले तेव्हा ती समजत्या वयाची नव्हती, म्हणून त्या लग्नाला तिची संमती नाही. पहिला मुद्दा त्या काळच्या कोर्टाला नवा नव्हता. दुसऱ्या मुद्द्याने मात्र सगळ्या व्यवस्थेलाच हात घातला. एका मुलीची संमती नव्हती म्हणून तिचे लग्न बंधनकारक नाही असे कोर्टाने मान्य केले असते, तर देशातली लाखो लग्ने प्रश्नाखाली आली असती. शास्त्री-पंडित घाबरले ते यामुळे.

हा दावा आला कुठून, हेही समजून घेऊ. विरोधक म्हणत होते की हिंदू धर्म धोक्यात आला. प्रत्यक्षात असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून निघून इंग्रजी कायद्यात आला आणि इंग्रजांबरोबर इथे पोचला. गंमत अशी की खुद्द इंग्लंडने १८८४ साली, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, असा हुकूम न पाळणाऱ्या बाईला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेखाली ती शिल्लक राहिली. म्हणजे धर्माच्या नावाने जे वाचवायचे चालले होते, ते इंग्रजांनी स्वतःच्या घरातून नुकतेच बाहेर काढलेले हत्यार होते.

तीन टप्पे, तीन निकाल

पहिला निकाल २१ सप्टेंबर १८८५ चा. न्यायमूर्ती रॉबर्ट पिन्हे यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पुनःस्थापना तिथेच मागता येते जिथे नवरा-बायको आधी एकत्र राहिलेले असतात. इथे दोघे कधीच एकत्र राहिले नाहीत. अजाण वयात लग्न झालेल्या, आता जाणत्या झालेल्या तरुणीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या हवाली करणे हा क्रूरपणा आहे आणि तसे करायला कोणताही कायदा आपल्याला भाग पाडत नाही.

दुसरा निकाल १८८६ चा. दादाजीने अपील केले. मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हेंचा निकाल रद्द केला. लग्न वैध असेल तर आधी एकत्र राहिले की नाही याला महत्त्व नाही, आणि हिंदू लग्नाला वधूची संमती लागतच नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवण्यात आले.

तिसरा निकाल ४ मार्च १८८७ चा, न्यायमूर्ती फॅरन यांचा. वरच्या पीठाने दिशा ठरवून दिल्यावर फॅरन यांना फारसा वाव नव्हता. महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कळवले की त्या कैद भोगतील, पण जाणार नाहीत. या एका उत्तराने खटला मुंबईबाहेर गेला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचला.

कोण कुणाच्या बाजूने होते

खटला सुरू असताना, जून आणि सप्टेंबर १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीने दोन लांब पत्रे छापून आली. पहिले बालविवाहावर होते, दुसरे लादलेल्या वैधव्यावर. लिहिणारी बाई रखमाबाईच होती. म्हणजे त्या फक्त प्रतिवादी नव्हत्या. आपल्यावर काय चालले आहे ते त्या स्वतःच्या लेखणीने सांगत होत्या. १८८७ मध्ये दादाजीने आपली बाजू मांडणारे पत्रक काढले. मालमत्तेसाठी माहेरचे लोक मुलीला अडवून धरतात असा त्याचा आरोप होता. त्यालाही रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिले.

त्यांच्या बाजूला आई आणि आजोबा होते. वडील सखाराम अर्जुन मात्र खटला ऐन भरात असताना एप्रिल १८८५ मध्ये वारले. बेहरामजी मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ, ‘टाइम्स’चे संपादक कर्वेन यांच्यासारखी माणसे उभी राहिली. बचाव समिती स्थापन झाली, पैसा उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत छापलेल्या आपल्या पुस्तकात या खटल्याची दखल घेतली.

दुसऱ्या बाजूला टिळक होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांतून त्यांनी दादाजीचा पक्ष घेतला. इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडतात आणि या खटल्यात हिंदू धर्मावर घाला पडतो आहे, असा त्या लिखाणाचा सूर होता. विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे ‘नेटिव्ह ओपिनियन’ही दादाजीच्या बाजूने होते. राजकीय स्वातंत्र्य आधी आणि समाजसुधारणा नंतर, हा वाद पुढे ज्या टोकाला गेला त्याची बीजे इथे दिसतात.

महात्मा फुले यांनी १८८४ च्या डिसेंबरातच मलबारींच्या बालविवाह आणि वैधव्यावरच्या टिपणांवर आपले मत कळवले होते आणि बालविवाह रोखण्याची बाजू घेतली होती. म्हणजे ‘त्या काळी सगळेच तसे विचार करायचे’ हे खरे नाही. त्याच मुंबई-पुण्यात, त्याच वर्षांत, दोन्ही विचार हजर होते. कुणी कोणता निवडला, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न होता.

दोन हजार रुपये, आणि राणीची गोष्ट

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये असे वाचायला मिळते की राणी व्हिक्टोरियाने स्वतः हुकूम काढून रखमाबाईंचे लग्न मोडले. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट पुढे ढकलू नये. राणीकडे दाद मागण्यात आली हे खरे, पण खटला मिटला तो तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाई तुरुंगातून वाचल्या. कोणत्याही कोर्टाने त्यांचे लग्न रद्द केले नाही. हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मागण्याची सोयच तेव्हा नव्हती. दादाजीने दुसरे लग्न केले, त्याला कुणी अडवले नाही. १९०४ साली तो वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. त्या का नेसल्या यावर वाद घालता येईल. पण कायद्याच्या कागदावर त्या शेवटपर्यंत दादाजीच्या बायकोच होत्या, हे विसरता येत नाही.

राणीने न्याय दिला म्हटले की गोष्ट सोपी होते आणि आपले काम संपते. तडजोड झाली म्हटले की पुढचा प्रश्न पडतो : ज्या मुलीकडे दोन हजार रुपये नव्हते, डॉक्टर बाप नव्हता, तिचे काय झाले असेल?

डॉक्टर रखमाबाई

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्याचा मार्ग दाखवला. पीची या एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी लढलेल्या सात बायकांपैकी एक. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत आल्यावर १८९५ पासून सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. पुढे राजकोटच्या जनाना हॉस्पिटलची जबाबदारी घेतली आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला आल्या. १९२९ मध्ये त्यांनी पडदापद्धत बंद करावी म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

हिंदुस्थानात प्रत्यक्ष डॉक्टरकी केलेल्या पहिल्या काही बायकांत त्यांची गणना होते. ज्या मुलीला कोर्ट तुरुंगात घालायला निघाले होते, तिच्या हातून पुढे किती बाळंतपणे सुखरूप झाली असतील! एका मुलीचा नकार टिकला तर समाजाला काय मिळते, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या साठ वर्षांत आहे.

कायदा कुठवर आला

रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेली चर्चा विझली नाही. कलकत्त्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने मृत्यू झाला आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले. टिळकांनी त्यालाही विरोध केला. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या बाईला कैद करण्याची तरतूद निघाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरले, १९७८ मध्ये ते अठरा झाले.

१९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले होते की लग्नाची घाई करू नका, आणि लग्न केले तर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्या वेळी रखमाबाई हयात होत्या.

आता आपल्या वाचकांनी इथे थांबून लक्ष द्यावे. हा १९५५ चा कायदा नावाने हिंदू असला तरी कलम २ प्रमाणे बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. आपली लग्ने बौद्ध पद्धतीने लागतात, पण घटस्फोट, पोटगी, नांदण्याचे दावे याच कायद्याने चालतात. आणि त्यातल्या कलम ९ मध्ये दादाजीचा तो दावा आजही जिवंत आहे. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने टी. सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवले, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरोज राणी खटल्यात ते वैध धरले.

म्हणून कलम ९ ची नोटीस आली की मुलीच्या घरी जी घबराट होते ती समजण्यासारखी आहे. पण खरे काय ते माहीत हवे. कलम ९ चा हुकूम झाला तरी पोलीस मुलीला उचलून सासरी नेऊ शकत नाहीत. तुरुंगही नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि हुकूम वर्षभर पाळला गेला नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. असा हुकूम पाळला नाही एवढ्याच कारणाने बायकोची पोटगी बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. नोटीस आली तर गप्प बसू नका, हजर राहून म्हणणे मांडा.

आपल्या तालुक्याचा प्रश्न

गंगाखेड म्हटले की लोकांना गोदावरी आणि संत जनाबाई आठवतात. आपल्याला ऊसतोडीच्या टोळ्याही आठवायला हव्यात. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला उचल अर्धी, जोडप्याला पूर्ण. मुलाचे लग्न लावले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे मुलीच्या आई-बापाला प्रश्न पडतो की सहा महिने आपण फडावर असताना वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची. गावची शाळा सातवी-आठवीला संपते, पुढे शिकायला रोज गाडी धरावी लागते. मुलगी जितकी लहान तितका हुंडा कमी, हाही हिशोब असतो.

हे आई-बाप मुलीचे वैरी नसतात. जयंतीबाई आणि सखाराम अर्जुनही वैरी नव्हते, तरी त्यांनी अकराव्या वर्षी लग्न लावले. म्हणून नुसते ‘लोक अडाणी आहेत’ म्हणून चालणार नाही. भूमिहीन कुटुंबांत आपला समाज मोठ्या संख्येने आहे आणि आपल्या वस्त्यांतूनही टोळ्या जातात. भीमजयंतीला स्टेजवर सावित्रीमाईंचे नाव घ्यायचे आणि मे महिन्यात पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाला जेवायला बसायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

कायदा काय देतो आणि आपण काय करू शकतो

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हव्यात.

पहिली गोष्ट, लग्न लागण्याआधी. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. पोलिसांचा ११२. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच शून्य ठरते.

दुसरी गोष्ट, लग्न लावणाऱ्यांसाठी. अठरा वर्षांवरचा नवरदेव, लग्न लावणारा, ठरवणारा, त्यात सहभागी होणारा, या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. यात भटजी आला तसा बौद्धाचार्यही आला. आमची आपल्या बौद्धाचार्यांना आणि विहार समित्यांना विनंती आहे : तारीख देण्याआधी दोघांचा शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला बघा. दाखला नाही तर तारीख नाही. विहाराच्या फलकावर हे लिहून लावा.

तिसरी गोष्ट, लग्न होऊन गेल्यावर. ही सगळ्यांत कमी माहीत आहे आणि रखमाबाईंच्या प्रश्नाचे थेट उत्तर इथेच आहे. बालपणी लग्न लागलेल्या मुलीला ते लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येते. अर्ज ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वयाची वीस पूर्ण होण्याआधी, करावा लागतो. ती अजून अठराच्या आत असेल तर पालक किंवा हितचिंतक बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन अर्ज करू शकतो. ती राहते त्या जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज चालतो. कोर्ट तिला निर्वाहाचा खर्च आणि राहण्याची सोय देऊ शकते. मूल झाले असेल तर ते औरसच धरले जाते. याशिवाय पंधराच्या आत लग्न झालेल्या मुलीने अठरा पूर्ण होण्याआधी ते नाकारले असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली तिला घटस्फोटही मागता येतो. आणि अठराच्या आतल्या बायकोशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितले आहे.

चौथी गोष्ट, वकिलाचा खर्च. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी सरकारी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. रखमाबाईंना बचाव समिती आणि चंदा लागला. आपल्या मुलीसाठी निम्मी समिती कायद्याने आधीच बनवून ठेवली आहे.

उरलेली निम्मी आपल्याला बनवावी लागेल. रखमाबाईंनी नकार दिला तेव्हा त्यांच्यामागे राहायला घर होते, नावावर मालमत्ता होती, हातात पुस्तके होती आणि ‘तू बरोबर आहेस’ म्हणणारी चार माणसे होती. यातले एकही नसते तर तो नकार पहिल्याच नोटिशीला मोडला असता. आपण लग्न थांबवतो, फोटो काढतो, बातमी देतो आणि घरी येतो. मुलगी मात्र त्याच घरात राहते, आणि टोळी निघाली की प्रश्न पुन्हा तिथेच येतो. म्हणून लग्न थांबवले तिथून पुढचे काम धरा. वसतिगृहात प्रवेश मिळवून द्या. हंगामात आजीजवळ किंवा नातेवाइकाकडे राहण्याची सोय बघा. शाळेचा दाखला अडकला असेल तर सोडवा. दहावी-बारावीचा अर्ज भरला की नाही ते विचारा. आणि कोणत्याही मुलीचे नाव, फोटो किंवा गाव बातमीत येऊ देऊ नका. तिला त्याच समाजात जगायचे आहे.

एका विहाराने वर्षाला दोन मुलींची जबाबदारी घेतली तरी पुष्कळ झाले. रखमाबाईंच्या वेळी कायदा मुलीच्या विरोधात होता आणि मोजकी माणसे तिच्या बाजूने होती. आज कायदा बराचसा तिच्या बाजूने आहे. माणसे किती आहेत, ते या वर्षी टोळ्या निघण्याआधी आपल्या वस्तीत मोजून बघा.

जय भीम.